लढाया भाड्याने मिळतील

मी आयुष्यभर लढाया भाड्याने दिल्या. वाशीमच्या बाजारात आमचं दुकान, आता भाचा चालवतो. पाटीवर 'सर्व प्रकारचे ड्रेस भाड्याने मिळतील' असं लिहिलेलं आहे, पण आत पाय ठेवला की तुम्ही रणांगणात. एका भिंतीला ढाली, दुसरीला पत्र्याच्या तलवारी, खुंट्यांवर जिरेटोप, आणि बरणीत दाढ्या-मिशा. संपादक म्हणाले, रशीदभाई, तुमचे अनुभव लिहा. मी म्हटलं, शिंप्याने लिहायचं तरी काय, मापं? ते म्हणाले, तीच लिहा.

आमच्या धंद्याला ड्रेपरी म्हणतात. वडील शिंपी होते. नाटकवाल्यांनी त्यांच्याकडून अंगरखे शिवून घेतले आणि पैशाच्या नावाने ठणठणाट म्हटल्यावर कपडेच परत आणून टाकले. वडिलांनी कपाळावर हात न मारता ते पुढच्या गावाला भाड्याने दिले. तिथून धंदा सुरू झाला. आमचा हंगाम थंडीचा. शाळांची स्नेहसंमेलनं, सव्वीस जानेवारी, शिवजयंती. त्या दिवसांत मी पेट्या एसटीच्या टपावर टाकून रिसोडपासून मंगरूळपर्यंत हिंडायचो. ड्रेस नुसते द्यायचे नसतात. ते घालून द्यावे लागतात, मंदिल बांधून द्यावा लागतो, पोराला लघवीला लागली तर कमरेचा शेला सोडून पुन्हा बांधावा लागतो. आणि पडद्याची दोरीही बहुधा ड्रेपरीवाल्याच्याच हातात येते, कारण बाकी सगळ्यांना नाटक बघायचं असतं.

लढाईचं म्हणाल तर शत्रू व्हायला कोणी तयार नसतो. महाराजांची जागा एक आणि उमेदवार सगळा वर्ग. आयांचे फोन यायचे. "चाचा, आमच्या पोट्ट्याले जिरेटोप बसवून ठेवा, सरले मी सांगतो." शत्रूच्या फौजेतली पोरं विंगेत मुसमुसत उभी असायची. म्हणून मी एक युक्ती काढली. अंगरखे दुहेरी शिवले, एका अंगाने भगवे, उलटे केले की हिरवे. तीच पोरं आधी शत्रू म्हणून मरायची, पडद्यामागून धावत जाऊन अंगरखा उलटा करायची आणि मावळे होऊन जिंकायला परत यायची. सगळे खूश. एकदा घाईत एकाची एकच बाही उलटी झाली. अर्धा मावळा, अर्धा शत्रू. त्याने दोन्हीकडून मार खाल्ला आणि घरी जाऊन आईला सांगितलं, मी दोनदा लढलो.

माझा स्वतःचा मुलगा इम्रान मात्र दरवर्षी खान व्हायचा. वर्गात कोणी विचारायचंच नाही. "याले काय सांगा लागते, याच्या घरीच दाढी हाये," असं सर हसत म्हणायचे. वाईट माणूस नव्हते ते. इम्रान चौथीत असताना एकदा झोपण्यापूर्वी म्हणाला, "अब्बा, मैं कब जीतूंगा?" महाराजांच्या फौजेत आपलेही लोक होते बेटा, असं मी त्याला सांगितलं. खरंच होतं ते, पुस्तकात एका ओळीत आहे. पण त्या ओळीतला ड्रेस माझ्याकडे इतक्या वर्षांत कोणी मागायला आला नाही, आणि मीही तो शिवून ठेवला नाही. याचं मला वाईट वाटतं.

आता धंद्यातले दोन नियम सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यांच्यावर उभी आहे.

पहिला, स्टेजवर खरं काही न्यायचं नाही. वडील हा नियम केनवडकडच्या एका गावात शिकले, मी तेव्हा त्यांच्यासोबत होतो. गावच्या मोठ्या शेतकऱ्याने हौसेने घरातली जुनी तलवार आणून दिली. पत्र्याची कसली खेळता म्हणे, ही घ्या. आमच्या तलवारींच्या कडा दुमडलेल्या असतात, कितीही हाणा. त्या तलवारीची धार मेलेली आहे असं सगळे मानून चालले. द्वंद्वयुद्धात एकाचा तळहात उघडला. वडिलांनी धावत जाऊन त्याच्याच मंदिलाने हात आवळून बांधला, आणि तो सगळा वेळ मांडव टाळ्या वाजवत होता. लोकांना वाटलं, काय काम करतात! तशी टाळी मी पुन्हा ऐकली नाही आणि ऐकायची इच्छाही नाही.

दुसरा नियम, मरणाऱ्याचा शर्ट परत भाड्याने द्यायचा नाही. स्टेजवरचं रक्त म्हणजे साखरेच्या पाकात कालवलेला लाल रंग. तो छोट्या पिशवीत भरून छातीवर कपड्याखाली चिकटवतात. गोळी लागली की पोराने तिथे हात आपटायचा, पिशवी फुटते, कापड लाल होतं. हा डाग बापजन्मी निघत नाही. म्हणून मरणाऱ्यासाठी आम्ही जुन्या बाजारातला स्वस्त शर्ट आणतो आणि संमेलनानंतर त्याची फडकी करतो.

मेडशीच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या गावचा एक जवान सीमेवर कामी आला. चौकात त्याच्या नावाचा फलक लागला, दरवर्षी हार घातला जायचा. शाळेत गावंडे सर म्हणून मराठीचे शिक्षक होते, मनाने मऊ. त्यांनी त्या जवानावर स्वतः नाटक लिहिलं. मला फोनवर ते सगळं वाचून दाखवलं. मला म्हणाले, "रशीदभाई, फौजी ड्रेस नुसते पाठवू नका, तुमी स्वतः या. गाव येनार हाये."

मी आणि रंगभूषा करणारा दत्ता दुपारी पोचलो. नववीच्या वर्गात बाकं सरकवून मेकअपची खोली केलेली होती. बाहेर मांडव भरत होता. सरांनी मला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की जवानाची भूमिका त्याचाच मुलगा करणार आहे. ओंकार, नववीत. आणि त्याची आई, सुनंदाबाई, आज पाहुणी म्हणून पहिल्या रांगेत बसणार आहे.

"बाईले माहीत हाये ना?" मी विचारलं.

"नाई. तिले वाटते पोरगा लेझमात हाये. एकदम समोर येईल तं कसं वाटंन तिले! अभिमानानं ऊर भरून येईल."

मला ते तेव्हाच खटकलं. पण शिंप्याने मापं घ्यावीत, नाटक ज्याचं त्याने करावं, असं म्हणून मी पेटी उघडली. ओंकार आला. उंच, हडकुळा, मिसरूड नुकतीच दिसायला लागलेली. मी त्याच्यासाठी आणलेला मरणाऱ्याचा शर्ट पुढे केला. त्याने तो घेतलाच नाही. दप्तरातून घडी केलेला दुसरा काढला आणि अंगात चढवला.

कापडाला हात लावायच्या आधीच मला कळलं. आमच्या फौजी ड्रेसची शिवण माझी आहे, ती मी अंधारातही ओळखीन. ही माझी नव्हती.

"हे आपलं नाई बेटा."

"माह्या बाबाचं हाये."

"घरच्यांनी देल्लं?"

तो खाली बघायला लागला. "पेटीत असते. आखरीच्या सुटीवर आले होते, तवा आल्या आल्या काढून खुंटीले टांगलं. जातानी दुसरं घालून गेले. मंग आईनं ते तसंच ठेवलं. धूत नाई ती."

दत्ता तोवर चिकटपट्टी लावलेली लाल पिशवी घेऊन पोराच्या छातीशी आला होता. मी त्याचा हात धरला. मला एकदम सगळं दिसलं. पहिल्या रांगेत ती बाई. पडदा उघडतो, आणि तिने ज्याला पाणी लागू दिलं नाही तो शर्ट तिच्यासमोर लाल होतो. तो डाग निघणार नाही हे खोलीत फक्त मला आणि दत्ताला ठाऊक होतं.

"सर, हा शर्ट नको," मी म्हटलं. "स्टेजवर खरं काही न्यायचं नसते. आमचा नियम हाये."

सरांचे डोळे भरले होते. "रशीदभाई, अहो याच्याहून खरं काय पाह्यजे? मले तं सुचलंच नसतं. पोरानं स्वतः आनलं!"

दारात संमेलनाच्या तयारीतला एक तरुण उभा होता, गळ्यात मंडळाचा गमछा. तो पुढे आला. "काहून? शहीदाच्या वर्दीले तुमची काय हरकत हाये, भाईजान?"

खोली शांत झाली. ही शांतता माझ्या ओळखीची आहे. माझ्या नावानंतर ती येते. शब्दांत काही वाईट नसतं, 'भाईजान' तर मानाचंच. पण सगळे तुमच्याकडे वळून बघतात आणि तुम्ही काय बोलता यापेक्षा कोण बोलतंय हे ऐकतात. बाहेर पाचशे-हजार माणूस. 'ड्रेपरीवाल्याने वर्दी घालू दिली नाही' एवढं एकच वाक्य मांडवात गेलं असतं तर ते कुठवर गेलं असतं, सांगता येत नाही. वाशीमला घरी इम्रान होता, दुकान होतं. पेटी बंद करून गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं, आणि खरं सांगतो, क्षणभर मी तसंच करणार होतो.

पण तो पोरगा गुंड्या लावत होता. आणि मी शिंपी, माझी नजर खांद्यावर गेली. खांद्याची शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर बसली होती. बाही मनगटावर. नवा शिवला असता तरी मी असाच शिवला असता. म्हणजे शर्ट त्याने आज पहिल्यांदा घातलेला नव्हता. आपण त्यात मावेपर्यंत तो वाट बघत आला होता.

"हरकत काई नाई," मी म्हटलं. "मापाचा घोटाळा हाये. आलोच."

गळ्यात टेप तसाच होता. मी मांडवात शिरलो. पुढच्या रांगेपर्यंत जाताना लोक पाय आखडून वाट देत होते. सुनंदाबाई मधल्या खुर्चीवर, मांडीवर सत्काराची शाल, शेजारी सरपंच. वय फार नव्हतं. मी वाकून हळू म्हटलं, "बाई, मी ड्रेपरीवाला. पोराचा कपडा नीट बसून नाई राह्यला. एक मिनिट येता का?"

"लेझमाचा?"

"या तं खरं."

ती माझ्यामागून आली. वर्गाच्या दारात थांबली. ओंकारची पाठ आमच्याकडे होती. तिने ती पाठ बघितली आणि चौकट धरली. सर "बाई, बाई" करत पुढे आले. ओंकार वळला आणि पांढराफटक पडला.

ती सरळ त्याच्याकडे गेली. ओरडली नाही. दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि अंगठ्याने शिवण चाचपली, मी चाचपतो तशी.

"खांद्यात बसलं तुले," ती म्हणाली.

"मागच्या दिवायीले ढिलं होत होतं."

"म्हंजे तू पेटी उघडते?"

"तू वावरात गेली का."

मग दत्ताच्या हातातली लाल पिशवी तिला दिसली. "हे काय हाये?"

शेवटी मीच सांगितलं. रक्त आहे बाई, नाटकातलं. गोळी लागल्यावर फुटते. डाग जात नाही.

"मंग काय होते नाटकात?" तिने सरांना विचारलं.

सर चाचरत सांगायला लागले. शत्रू घेरतात, जवान एकटा लढतो, गोळी लागते, मग तो मातृभूमीला वंदन करून शेवटचं बोलतो. कोसळतो.

"मरतानी किती बोलते?"

"एक... पानभर हाये."

सुनंदाबाईंनी मान हलवली. "त्यायचा साहेब आला होता घरी. मी इचारलं त्याले, काई बोलले का म्हनून. त्यानं खोटं नाई सांगतलं. काईच नाई म्हने. तवा कॅनमधी पानी भरून आनून राह्यले होते वरती."

गमछेवाला तरुण चौकटीशी उभा होता, त्याने नजर खाली केली. गावंडे सर बाकावर बसले. म्हणाले, "बाई, मी नाटक काढून टाकतो. माह्या ध्यानातच आलं नाई." मला त्यांची दया आली. इतकं प्रेमाने लिहिलेलं कोणी असं काढून टाकायला तयार होत नाही.

"काढू नका," ती म्हणाली. "पोट्टे कवाचे तयारी करून राह्यले." मग तिने ओंकारच्या गळ्याशी राहिलेली गुंडी लावली. "घाल तुले घालायचं हाये तं. पन यात मरायचं नाई. समजलं?"

एवढं बोलून ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

आता अडचण बघा. नाटकाचं निवेदन सरांनी आधीच स्वतःच्या आवाजात, संगीत घालून, पेनड्राइव्हवर भरून आणलेलं होतं. आजकाल शाळांमध्ये असंच करतात, पोरांनी नुसते हातवारे करायचे. त्या पेनड्राइव्हमध्ये जवान कोसळणार होता, आणि त्याला आता कोणी काही सांगू शकत नव्हतं.

मी दोरी धरून विंगेत उभा राहिलो. पडदा उघडला. ओंकार पुढे आला तेव्हा मांडवात एक लाट गेली, बाया तोंडाला पदर लावायला लागल्या. वर्दी कोणाची आहे हे बहुतेकांना नुसतं बघून कळलं होतं. काळे फडके बांधलेले शत्रू लाकडी बंदुका घेऊन आले. मागे कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. धूर झाला. पेनड्राइव्हमधला सरांचा आवाज घुमला, "छातीवर गोळी झेलत आपला वीर... धरणीवर कोसळला!"

ओंकार उभा होता.

संगीत चढलं. शत्रूंनी एकमेकांकडे बघितलं. एकाला वाटलं बंदुकीचा आवाज कमी पडला, त्याने तोंडाने "ठो! ठो!" केलं. ओंकार तरीही पडला नाही. पेनड्राइव्हमधला जवान मातृभूमीला पानभर वंदन करत होता आणि स्टेजवरचा पोरगा ओठ मिटून समोर बघत होता. मागून कोणीतरी ओरडलं, "पड ना बे!" चारदोन जण हसले. बाकी मांडव चिडीचूप.

आमच्या धंद्यात पडदा मुडदा पडल्यावर सोडतात. मुडदाच नाही, तर मी काय करू? मी पहिल्या रांगेकडे बघितलं. सुनंदाबाई खुर्चीच्या कडेवर आली होती. शालीचा बोळा मुठीत. तिची मान अगदी बारीक, नाही-नाही अशी हलत होती, आणि ओंकारची नजर त्या मानेवर होती.

शेवटी शत्रूंतलाच एक जण, सगळ्यात बुटका, काय समजला कोण जाणे, हळूच खाली बसला आणि आडवा झाला. कोणीतरी मरायला पाहिजे हे त्याला कळत होतं. मग दुसरा पडला. मग उरलेले सगळे धपाधप. मांडव आधी गप्प, मग टाळ्यांचा कडकडाट. संगीत संपलं तेव्हा धुरात एकटा ओंकार उभा होता. मी दोरी सोडली.

बाहेर लोक आपापसांत बोलत होते. कोणी म्हणत होतं छान केलं, जिंकवला. कोणी म्हणत होतं, असं नव्हतं झालं, इतिहास बदलला. गमछेवाला तरुण माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता हा बोलतो. तो म्हणाला, "चाचा, पेट्या उचलू लागू?" आणि उचलू लागला.

मी या धंद्यात किती जणांना मारलं असेल! सगळे नीट पडायचे, छातीवर हात आपटून, एक डोळा उघडा ठेवून. टाळी घेऊन उठायचे आणि अंगरखा उलटा करून पुन्हा लढायला पळायचे. मलाही वाटायला लागलं होतं की लढाई अशीच असते. त्या दिवशी एक पोरगा न पडता उभा राहिला, आणि मला पहिल्यांदाच माझ्या स्टेजवर मरणाची भीती वाटली.

वर्गात आलो तर ओंकार बनियनवर बसला होता, तोंडावरचा रंग तेलाने पुसत. सुनंदाबाई खिडकीशी उभी होती. शर्ट तिच्या हातात. काखेत आणि पाठीवर घामाने ओला झाला होता, रंगाचा एक ठिपका नव्हता. तिने तो नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मी पेटीत तलवारी लावत होतो, आवाज होऊ नये म्हणून एकेक.

"गेला वास," ती म्हणाली. कोणाला म्हणाली माहीत नाही. "आता याचाच हाये." ओंकारने पुसता पुसता हात थांबवला. मला वाटलं ती रडेल. तिने शर्ट झटकला, खांद्याला खांदा लावून घडी घातली आणि माझ्याकडे वळली.

"चाचा, तुमी तं कपडेच धुता. हे गार पान्यात धुवायचं का कोमट?"

"गार," मी म्हटलं. "उलटं करून, सावलीत वायवजो. अन् पिळू नको, बेटी."